आमेदे आर्दवाँ : गळा चालतो, माणूस चालत नाही

'कलेला जात नसते' हे वाक्य आपल्याकडे सभासंमेलनांतून मोठ्या सोज्वळपणे उच्चारले जाते. उच्चारणारे बहुधा ते असतात, ज्यांना जातीचा चटका कधी बसलेला नसतो. हे वाक्य तपासायचे तर ज्या कलावंताची कला सर्वांनी डोक्यावर घेतली, त्याच्या देहाचे पुढे काय झाले, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातला क्रिओल गायक आमेदे आर्दवाँ याचे आयुष्य या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

आर्दवाँ ११ मार्च १८९८ रोजी लुइझियानाच्या नैर्ऋत्येकडील गवताळ मुलखात जन्मला. त्याचे पूर्वज गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपून तीन दशके उलटली होती; पण त्याच्या जन्माच्याच वर्षी, १८९८ साली, लुइझियानाने नवी राज्यघटना केली. मतदाराला लिहिता-वाचता यावे किंवा त्याच्याकडे मालमत्ता असावी, अशी अट तिने घातली. मात्र ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आरंभापूर्वी मतदार होता, त्याला ही अट माफ केली. गुलामाचा आजा मतदार कुठून असणार? या राज्यात १८९६ साली सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली ते ५,३२० उरले. शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा. डब्याची ही विभागणी १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. तो खटला लढवणारा होमर प्लेसी हाही न्यू ऑर्लिन्सचा क्रिओलच होता.

'क्रिओल' हा शब्द लुइझियानात एकाच अर्थाने वापरला गेलेला नाही. आर्दवाँच्या मुलखात तो फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी रूढ होता. शेजारी केजन लोक होते. त्यांचे पूर्वज फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकावले होते. केजन गोरे, पण बहुतेक गरीब. भाषा फ्रेंच, धर्म कॅथलिक, पोटाला बटाईची शेती, करमणुकीला शनिवारचा नाच : एवढे सगळे दोघांत समान होते. १९२१ च्या राज्यघटनेने शाळेतून फ्रेंच हद्दपार केली, तेव्हा तो अपमानही दोघांच्या वाट्याला आला. मग फरक कशाचा? कातडीचा. आणि तेवढा फरक पुरेसा होता.

शेतात राबण्यापेक्षा आर्दवाँला ॲकॉर्डियन प्रिय होते. वाद्य घेऊन तो गावोगाव फिरे, घराघरांतल्या नाचांना वाजवी. समोर जमलेल्या माणसांवर तिथल्या तिथे पदे रचण्यात त्याचा हातखंडा होता. त्याचा आवाज उंच, ताणलेला, हाक मारल्यासारखा. पोरकेपणा, घर सुटणे, परतीची वाट नसणे हे विषय त्याच्या गाण्यांत पुन्हापुन्हा येतात. त्याच्या अनेक गाण्यांच्या नावांतच 'ब्लूज' हा शब्द आहे. त्यांतली एक तुरुंगाची ब्लूज, एक प्रवासाची. वॉल्ट्झ आणि टू-स्टेप हे गोऱ्यांचे नाच त्याने उचलले आणि त्यांत काळ्या माणसाचे दुःख भरले.

डेनिस मॅगी हा गोरा फिडलवादक त्याचा जोडीदार. दोघे एकाच मालकाच्या शेतावर बटाईने राबले होते. ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे कोलंबिया कंपनीसाठी दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण केले. गोरा आणि काळा एका तबकडीवर, ही त्या काळातली दुर्मीळ गोष्ट. कंपन्या काळ्या गायकांच्या तबकड्यांची यादी वेगळी ठेवीत. आर्दवाँची गाणी मात्र फ्रेंच गाण्यांच्या यादीत निघाली. तबकडी फिरू लागली की गाणाऱ्याचा रंग दिसत नाही, हे व्यापाऱ्याला बरोबर कळले होते. शेवटचे मुद्रण २२ डिसेंबर १९३४ रोजी न्यू यॉर्कमध्ये डेका कंपनीसाठी झाले. पाच वर्षांत एकूण ३४ गाणी. एवढाच त्याचा आवाज आज आपल्या हाती आहे.

यानंतर रुमालाची गोष्ट येते. कॉनरे फॉन्टेनो या क्रिओल फिडलवादकाने ती सांगून ठेवली आहे. कॉनरेचा बाप आर्दवाँचा स्नेही होता. घटना १९३९ च्या सुमाराची. युनिस गावाजवळ गोऱ्यांच्या घरी नाच होता. आर्दवाँ घामाने निथळत होता. घाम पुसायला त्याने फडके मागितले, आणि घरच्या मुलीने आपला रुमाल पुढे केला. घरच्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. पण दोन गोऱ्यांना ते सहन झाले नाही. नाच संपल्यावर त्यांनी त्याला वाटेत गाठून मारले, अंगावरून मोटार घातली आणि खड्ड्यात टाकून दिले. आर्दवाँ जगला, पण गळा आणि मन दोन्ही मोडले. मॅगीने वेगळे सांगितले : हेव्यापोटी त्याच्यावर विषप्रयोग झाला. परंतु क्रिओल समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली ती रुमालाची गोष्ट. ती का जपली गेली, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रात्रभर ज्याच्या सुरावर सगळे नाचले, त्याने घाम कशाने पुसला यावरून त्याचा जीव घ्यायला माणसे उठतात, हे ज्याने भोगले आहे त्याला त्या गोष्टीत काही अशक्य दिसत नाही.

सप्टेंबर १९४२ मध्ये त्याला पाइनव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात दाखल केले गेले. ३ नोव्हेंबर १९४२ रोजी तो तिथेच वारला. वय ४४. त्याला रुग्णालयाच्या आवारात पुरले, आणि कबरीवर नावही नाही.

गळा मात्र पुरला गेला नाही. आयरी लज्यून हा जवळजवळ आंधळा, गरीब केजन वादक आर्दवाँच्या तबकड्या ऐकून शिकला, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने ॲकॉर्डियनला पुन्हा लोकांत आणले. लज्यूनला दोष देण्याचे कारण नाही. त्याने निष्ठेने शिकून घेतले. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिच्यात सूर गोऱ्या घरात वारसा म्हणून नांदतो आणि सुराचा बाप निनावी मातीत पडून राहतो. पुढे 'केजन संगीत' या नावाने जे जगभर गाजले, त्याच्या पायात आर्दवाँ आहे.

कवी डॅरेल बुर्क आणि इतरांनी त्याला घरी आणण्याची मोहीम काढली. हाडे सापडण्याजोगी नव्हती. म्हणून २०१८ साली ओपेलूसस येथे त्याचा पुतळा उभारला. हे चांगलेच झाले. पण पुतळ्याबरोबर रुमालाची गोष्टही सांगितली गेली पाहिजे. नाहीतर गौरव हीच विस्मृतीची सोय होऊन बसते.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. १९७२ साली आपल्या पँथरांनी नाव घेतले ते तिथल्या ब्लॅक पँथरांचे. तेव्हापासून आपण काळ्यांचे इंग्रजी लेखन वाचत आलो. ज्याने पुस्तक लिहिले नाही, फ्रेंचमध्ये नुसते गाऊन ठेवले, तो आपल्या वाचनात आला नाही. वर्ण आणि जात एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण शिवण्याची भीती दोन्हीकडे ओळखीची आहे. लग्नात वाजवणाऱ्याची पंगत कुठे बसे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

म्हणून 'कलेला जात नसते' असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे : कलेला नसेल, पण घाम पुसायच्या रुमालाला होती की नव्हती?