ओढवाहने, नासिक जिल्ह्यातील

ओढवाहने, नासिक जिल्ह्यातील : मागे जोडलेली तोफ, ट्रॉली वा ट्रेलर ओढून नेणाऱ्या मोटारवाहनास ओढवाहन म्हणतात. नासिक जिल्ह्यात या वाहनांचा इतिहास दोन स्वतंत्र वाटांनी घडला. एक वाट देवळालीच्या लष्करी छावणीतील तोफांची, तर दुसरी निफाड, दिंडोरी व येवला या तालुक्यांतील शेतमालाची. ‘विश्वासू वाहन कोणते’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. वाहन ओझे ओढू शकते की नाही याइतकेच ते ओझे उतारावर आवरता येते की नाही यालाही महत्त्व असते. मुंबई–आग्रा मार्गावरील कसारा घाटामुळे हा दुसरा भाग येथे नेहमीच निकडीचा ठरला.

मोटारीपूर्वी ओढीचे काम बैलांकडे होते. बैलगाडीला पुढे रबरी धावांची चाके आली व तिची वहनक्षमता वाढली. परंतु उतारावर गाडी थोपविण्याचा भार बैलांच्या मानेवरच राहिला.

काकूल येथील तोफखान्याची शाळा, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी ही संस्था, फाळणीपूर्वीच १९४१ मध्ये देवळाली येथे हलविण्यात आली. त्या काळातील मुख्य मैदानी तोफ म्हणजे २५ पौंडी तोफ होय. तिचे वजन सु. १,८०० किग्रॅ. होते. ती ओढण्यासाठी मॉरिस कंपनीचे ‘क्वाड’ हे चारही चाकांना गती देणारे वाहन वापरीत. वाहन व तोफ यांच्यामध्ये दारूगोळ्याची दोनचाकी पेटी जोडलेली असे. म्हणजे चालकास प्रत्यक्षात दोन सांध्यांची गाडी हाकावी लागे. क्वाडचे एंजिन अवघे सु. ७० अश्वशक्तीचे होते. तथापि चारचाकी गती, खालची दंतचक्रे व तारदोर गुंडाळणारा रहाट यांमुळे चिखलातून तोफ बाहेर काढणे त्यास साधत असे. चढ फारच उभा असल्यास वाहन आधी एकटे वर नेऊन मग रहाटाने तोफ वर खेचीत. केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून वाहनाची पारख करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९५९ पासून जबलपूर येथे म्यान या जर्मन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. १०५ मिमी. भारतीय मैदानी तोफ ओढण्याचे काम त्याने दीर्घकाळ केले. १९८६ च्या करारान्वये आलेली १५५ मिमी. बोफोर्स तोफ सु. १२ टनांची असल्याने तिच्यासाठी सहाही चाकांना गती असलेला स्कानिया ट्रक आला. या तोफेस स्वतःचे लहान एंजिन आहे. अवघड जागी तिची चाके स्वतः फिरून ओढणाऱ्या ट्रकला मदत करतात. ओढले जाणारे ओझेच ओढीला हातभार लावते, असे हे दुर्मिळ उदाहरण होय.

नागरी वापरात ओढीची खरी ओळख जीपने करून दिली. महिंद्र उद्योगाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलिज जीपची जुळणी सुरू केली. युद्धकालीन जीपचे वजन सु. १,१०० किग्रॅ. होते, तर तिच्या दोनचाकी ट्रेलरवर पाव टन ओझे ठेवण्याची मर्यादा होती. ट्रेलरचे स्वतःचे वजन धरूनही एकूण भार जीपच्या वजनाच्या निम्म्याच्या आतच राही. ही मर्यादा विचारपूर्वक ठेवलेली होती. ट्रेलरला उभा असताना लावण्याचा हात-ब्रेक होता, धावतानाचा नव्हता. त्यामुळे थांबविण्याचा सर्व भार जीपच्याच ब्रेकवर पडे. पुढे खाजगी मालकांनी जीपमागे घरगुती बांधणीच्या ट्रॉल्या लावल्या, त्या वेळी हे प्रमाण बहुधा पाळले गेले नाही.

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव वाढल्याने पेट्रोलवर चालणारी जीप महाग पडू लागली आणि डिझेल एंजिनांकडे ओढा वाढला. डिझेल एंजिन कमी फेऱ्यांवरही चांगला पीळ देते, हा ओझे ओढण्याच्या दृष्टीने मोठाच लाभ होता. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये पेजो या फ्रेंच कंपनीकडून डिझेल एंजिनाचा परवाना घेतला व इगतपुरी येथे एंजिननिर्मिती होऊ लागली. नासिक येथील कारखान्यातून २००० मध्ये बोलेरो व २००२ मध्ये स्कॉर्पिओ ही वाहने बाहेर पडली. बोलेरोच्या नावाने पुढे आलेला पिकअप ग्रामीण महाराष्ट्रात इतका रूढ झाला की, ‘पिकअप’ हा शब्दच मराठीचा झाला.

ट्रॅक्टर व पिकअप यांत कायद्यानेही फरक केला आहे. मोटारवाहन कायद्याच्या (१९८८) व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर स्वतःवर माल वाहण्यासाठी बांधलेला नसतो. पिकअप मुळात माल वाहण्यासाठीच असतो व ओढ हे त्याचे जादा काम. ट्रॅक्टर काळ्या चिखलातून ट्रॉली सहज काढतो, पण रस्त्यावर संथ चालतो. लासलगावच्या बाजारात (बाजार समिती, १९४७) कांदा काही तास उशिरा पोचला तरी त्या दिवसाचा लिलाव हुकण्यापलीकडे सहसा हानी होत नाही. द्राक्षांचे तसे नाही. उन्हात रखडलेल्या पेट्यांतील मणी सैल होऊन गळू लागतात. त्यामुळे पिंपळगाव बसवंत परिसरातील बागायतदारांना वेगवान पिकअप सोयीचा वाटला, यात नवल नाही.

ओढीसाठी पिकअप निवडताना स्वतंत्र शिडीवजा सांगाडा, मागील पाट्यांची जाडी, क्लचची ताकद व खालच्या दंतचक्राचे प्रमाण यांची पाहणी करतात. मागील चाकांनी चालणारा रिकामा पिकअप ओल्या मातीत जड ट्रेलर ओढू लागला की चाके जागीच फिरतात; हौद्यात थोडे ओझे असल्यास पकड सुधारते. ट्रेलरच्या एकूण भाराच्या दहा ते पंधरा टक्के भार आकड्यावर येणे इष्ट मानतात. तो कमी झाल्यास ट्रेलर मागे झुलू लागतो आणि वेग वाढताच झोला आवरत नाही; फार वाढल्यास पुढील चाके हलकी होऊन सुकाणू सैल पडते. माल भरताना पोती ट्रेलरच्या मागील टोकास रचण्याची सवय म्हणूनच घातक ठरते.

घाट उतरताना केवळ ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेक तापून निकामी होतात. चढताना लागणाऱ्या दंतचक्रातच उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक यासाठीच आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असल्यास ओढवाहनावरील भार बराच हलका होतो. शेतीच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना मात्र ते नसतात. पुष्कळदा मागचे दिवे वा परावर्तकही नसतात. रात्री महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या अशा ट्रॉलीवर मागून वाहन आदळून झालेले अपघात हंगामात वारंवार घडतात. त्यांत दोष ओढवाहनाच्या निवडीचा नसून मागे जोडलेल्या गाडीच्या उपेक्षेचा असतो.