बोटाचा अंदाज आणि गिअरचा खटका

जुळे सोलापूर ही शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या परिसरात वाढलेली वसाहत असून, तेथून दक्षिणेकडे निघालेल्या सायकलस्वाराला वडकबाळजवळ सीना आणि पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडताना रस्ता बहुतांशी सपाटच मिळतो. उलट कोजागरीला सोलापूरकर भाविक ज्या वाटेने पायी तुळजापूरला जातात, ती वाट शहरापासून सुमारे 45 किलोमीटरवर बालाघाटाच्या डोंगरात चढते. पुढे 44 आणि मागे 18 दाते असलेली जुनी काळी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर धावते, म्हणून ती सपाटीवर निभावते. मात्र सामान लादून घाट चढायचा, तर एका फेऱ्यातले हे अंतर दीड-पावणेदोन मीटरपर्यंत खाली आणावे लागते. गिअरचे सारे प्रयोजन एवढेच आहे.

या प्रयोजनाची पारख प्रथमपासून घाटातच झाली. फ्रान्समधील सेंत-एतिएन येथे ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द विवी यांनी दूरच्या भटकंतीसाठी अनेक गिअरांचा पुरस्कार केला आणि 1902 मध्ये पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटात पर्यटन-सायकलींची चाचणी घेण्यात आली. तरीही ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, 1937 पर्यंत निषिद्ध होती. शर्यतीच्या नियमकर्त्यांना जे पटायला इतका काळ लागला, ते साध्या प्रवाशांना कितीतरी आधी कळले होते, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

इटलीतील कांपान्योलो कंपनीच्या ‘कांबिओ कोर्सा’ यंत्रणेत स्वाराला धावत्या सायकलवर मागे हात नेऊन एका दांडीने चाक सैल करावे, पायडल उलटे फिरवत दुसरीने चेन सरकवावी आणि चाक पुन्हा आवळावे लागे. सायकलपटू जीनो बार्ताली याने 1948 ची तूर याच यंत्रणेवर जिंकली. पुढे डिरेलरची तार ओढणारा घर्षण-शिफ्टर, म्हणजे गिअर बदलण्याची दांडी, रूढ झाला. यात दांडी केवळ घर्षणाने जागच्या जागी राहते, तिला ठरलेले थांबे नसतात, आणि चेन नेमकी बसली की नाही हे स्वार चेनच्या खरखरीवरून ओळखतो. जपानच्या शिमानो कंपनीने 1984 मध्ये आणलेल्या पद्धतीत मात्र प्रत्येक खटक्याला ठरावीक लांबीचीच तार ओढली जाते, त्यामुळे ही कानाची पारख अनावश्यक झाली. पण त्याचबरोबर शिफ्टर, डिरेलर आणि चक्र्यांमधले अंतर ही सर्व मापे परस्परांशी जुळणे अपरिहार्य झाले, कारण एका खटक्याला किती तार ओढायची हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही.

खटक्याच्या शिफ्टरला पर्याय शोधण्याचा प्रश्न येथूनच उद्भवतो. हँडलच्या टोकाला किंवा अंगठ्याजवळ बसवलेला घर्षणाचा शिफ्टर डिरेलरला पुरेल इतकी तार ओढत असेल, तर खटक्यांची मापे जुळवण्याची गरज उरत नाही. चक्री बदलली, डिरेलर किंचित वाकला, तरी बोटाचा अंदाज तेवढी तूट भरून काढतो. सनटूर कंपनीने या दांडीत बारीक दात्यांचे रॅचेट, म्हणजे एका दिशेने अडणारे चक्र, घालून स्प्रिंगच्या ओढीला तोलले, म्हणून ती आवळून न ठेवताही टिकते. खटक्याची पद्धत निःसंशय वेगवान आहे आणि शर्यतीत तीच योग्य. लांबच्या प्रवासात मात्र, जिथे जुळणारा सुटा भाग पुढच्या गावात मिळेलच असे नसते, घर्षणाचा शिफ्टरच अधिक भरवशाचा ठरतो. तो बसवणाऱ्याने त्याची चाचणी विजापूर रस्त्याच्या सपाटीवर नव्हे, तर कॅरिअरवर पूर्ण सामान लादून तुळजापूरच्या घाटात घ्यावी.