फॉर्ममधला जास्तीचा रकाना

पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं, की सगळ्यांना एकच प्रश्न छळतो: विषय कुठून आणायचा? माझा विषय माझ्याच चुकीतून आला. एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला मी विद्यार्थी नोंदणीचं छोटंसं जावा ॲप्लिकेशन केलं होतं. डेमोच्या आदल्या दिवशी एका ज्युनिअरनं फॉर्म पाठवताना सोबत 'रोल=ॲडमिन' एवढं हातानं जोडलं, आणि पठ्ठ्या ॲडमिन झाला! माझ्या फॉर्मवर तो रकाना नव्हताच. पण क्लासमध्ये रोल नावाचं फील्ड होतं आणि फ्रेमवर्कनं ते इमानेइतबारे भरलं.

याला पॅरामीटर बाइंडिंग म्हणतात. समजा, सेतू केंद्रातल्या एका कारकुनाला सांगितलंय, की अर्जावर जे जे लिहिलंय ते रजिस्टरमध्ये त्याच नावाच्या रकान्यात उतरवायचं. आता अर्जदारानं तळाशी स्वतःच 'मंजूर: होय' लिहून दिलं तर? खरा कारकून हसेल. फ्रेमवर्क हसत नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. १९९३ मध्ये एनसीएसएत सीजीआय आलं, तेव्हा ब्राउझरकडून आलेली माहिती म्हणजे नुसती एक लांबलचक स्ट्रिंग असायची. ती '&' वर तोडा, '=' वर तोडा, '%२०' ची पुन्हा स्पेस करा, हे सगळं प्रोग्रॅमरनं करायचं. कंटाळवाणं होतं, पण कोणती किंमत कुठे जाते हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

मग येतात जावाबीन्स, आणि इथे मी बरेच महिने अडकलो. सनचं हे स्पेसिफिकेशन १९९६ च्या डिसेंबरमधलं. मला वाटायचं ते वेबसाठीच केलं असणार. सर म्हणाले, "मूळ कागद वाचलास का?" वाचला, तर त्यात बटणं आणि तक्ते! डेस्कटॉपवर माउसनं ओढून स्क्रीन तयार करायची टूल्स होती ना, त्या टूलला एखाद्या घटकाची प्रॉपर्टी कळावी म्हणून 'गेट' आणि 'सेट'नं सुरू होणाऱ्या मेथड्सचा संकेत ठरवला गेला. तिथे किंमत बदलणारा माणूस प्रोग्रॅमर स्वतः होता. त्याच्यावर अविश्वास कशाला दाखवायचा?

१९९९ च्या जेएसपीनं हाच संकेत वेबवर आणला. औरंगपुऱ्यातून घेतलेल्या जुन्या पुस्तकात मला ती ओळ सापडली: सेटप्रॉपर्टी टॅगमध्ये प्रॉपर्टीच्या जागी नुसतं '*' द्यायचं, की रिक्वेस्टमधली सगळी पॅरामीटर्स जुळणाऱ्या प्रॉपर्टीत जाऊन बसतात. पुस्तकात ही 'सोय' म्हणून दिली आहे, आणि होतीच ती सोय. पुढे क्रेग मॅक्लॅनहन यांच्या स्ट्रट्सनं (१.० आवृत्ती २००१) आणि मग स्प्रिंगनं (१.० आवृत्ती २००४) ती घराघरात नेली. संकेत तोच राहिला, फक्त किंमत पाठवणारा आता अनोळखी माणूस होता.

रूबीवाल्यांनाही हा फटका बसला. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्हनं फॉर्ममध्ये जास्तीचं पॅरामीटर घालून गिटहबवर रेल्सच्याच रिपॉझिटरीत लिहिण्याचा हक्क मिळवून दाखवला. २०१३ च्या रेल्स ४ मध्ये कोणती पॅरामीटर्स चालतील हे आधी जाहीर करायची पद्धत आली.

पण माझ्या प्रबंधाचा जीव स्प्रिंगच्या गोष्टीत आहे. जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला 'गेटक्लास' ही मेथड असते. म्हणजे बीन्सच्या संकेतानुसार प्रत्येक ऑब्जेक्टला 'क्लास' नावाची प्रॉपर्टी आपोआप मिळते, कुणी मागितलेली नसताना. २०१० मध्ये लक्षात आलं, की 'क्लास.क्लासलोडर' असं पॅरामीटर पाठवून थेट सर्व्हरच्या पोटात हात घालता येतो. दुरुस्ती केली गेली: क्लासवर 'क्लासलोडर' हे नाव बंद. विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आलं. त्यात मॉड्यूल आले, आणि क्लासवर 'गेटमॉड्यूल' ही नवी मेथड. स्प्रिंगच्या त्या दुरुस्तीत एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी ती निकामी झाली; कारण आता 'क्लास.मॉड्यूल.क्लासलोडर' असा वळसा घेता येत होता. हा वळसा साडेचार वर्षं उघडा होता. मार्च २०२२ च्या शेवटी तो जगजाहीर झाला, 'स्प्रिंगफोरशेल' नावानं. हल्लेखोर त्या वाटेनं टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगची सेटिंग्ज बदलायचे आणि लॉगच्या नावाखाली जेएसपी फाइल लिहून घ्यायचे. नोंदवही लिहिणाऱ्याकडूनच दरवाजाची किल्ली बनवून घेतल्यासारखं! (सगळ्याच सर्व्हरवर हे चालत नव्हतं; जावा ९ किंवा पुढचं आणि टॉमकॅटवर वॉर फाइल, अशा अटी होत्या. बातम्यांमध्ये हे सहसा गाळलं गेलं.)

कोर्सवर्कमधल्या मित्रमैत्रिणींनो, जमलं तर स्प्रिंगच्या सोर्समधल्या या दोन दुरुस्त्या शेजारीशेजारी उघडून बघा. २०१० ची सांगते, हे नाव चालणार नाही. ५.३.१८ मधली सांगते, क्लासवर फक्त 'नेम' किंवा 'नेम'नं संपणाऱ्या प्रॉपर्टी चालतील, बाकी काही नाही. मधल्या बारा वर्षांत ही अट उलटी करायला काय आड आलं, यावर सध्या माझा तिसरा चॅप्टर अडलाय.