युनिक्सच्या ऐच्छिक उपयोगिता आज्ञावली

युनिक्सच्या ऐच्छिक उपयोगिता आज्ञावली : संगणकाची स्मृती, तबकड्या व प्रक्रियकाचा वेळ यांची वाटणी करणे हे परिचालन प्रणालीच्या गाभ्याचे कार्य होय. मजकूर रचणे, फाइलींची छाननी करणे, आज्ञावलीचे यंत्रभाषेत भाषांतर करणे यांसारखी कामे ज्या लहान व स्वतंत्र आज्ञावलींकडून करून घेतली जातात, त्यांना उपयोगिता आज्ञावली म्हणतात. यांपैकी ज्या मूळ प्रणालीबरोबर न देता निराळ्या परवान्याने व निराळे मूल्य आकारून पुरविल्या जातात, त्या ऐच्छिक होत. कोणती आज्ञावली मूळची आणि कोणती ऐच्छिक, हे केवळ तांत्रिक निकषांवर ठरते असा सर्वसाधारण समज आहे. युनिक्सचा इतिहास मात्र तसे दाखवीत नाही. ज्या मजकूर-रचनेच्या आज्ञावलींमुळे या प्रणालीला तिचे पहिले स्वतःचे यंत्र मिळाले, त्याच पुढे ऐच्छिक म्हणून तिच्यापासून वेगळ्या काढण्यात आल्या.

अ. सं. सं. मधील न्यू जर्सी राज्यात मरी हिल येथे असलेल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेने १९६९ मध्ये मल्टिक्स या मोठ्या व खर्चिक प्रणालीच्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर केन टॉम्पसन (१९४३– ), डेनिस रिची (१९४१–२०११) व त्यांचे सहकारी यांनी पीडीपी-७ या जुन्या लहान यंत्रावर युनिक्सचे आद्य रूप सिद्ध केले. मल्टिक्सच्या अनुभवाने पोळलेले व्यवस्थापन परिचालन प्रणालीच्या संशोधनासाठी नवे यंत्र देण्यास राजी नव्हते. तेव्हा १९७० मध्ये जोसेफ ओसाना (१९२८–७७) व इतर यांनी मागणीचे स्वरूपच पालटले. मजकूर संपादित करण्याची व रचण्याची व्यवस्था निर्माण करण्यासाठी यंत्र हवे, असे त्यांनी मांडले. ही मागणी मान्य होऊन सु. ६५,००० डॉलर किमतीचे पीडीपी-११ जातीचे यंत्र मिळाले. १९७१ च्या उत्तरार्धात संस्थेच्या एकस्व (पेटंट) विभागातील तीन टंकलेखक त्यावर एकस्वाचे अर्ज तयार करू लागले. अर्जाच्या पानावरील ओळींना क्रमांक घालणे आवश्यक असे व ही सोय लगेच करून देण्यात आली. यंत्रात स्मृतिसंरक्षण नव्हते. त्यामुळे संशोधकांची एखादी सदोष आज्ञावली चालविताच सर्व प्रणाली बंद पडण्याचा धोका असे. तबकडीही इतकी लहान होती की, टंकलेखकांचे काही तासांचे काम झाले की ते फितीवर उतरवून जागा मोकळी करावी लागे. अशा अवस्थेतही प्रयोग यशस्वी झाला आणि एकस्व विभाग युनिक्सचा पहिला खराखुरा ग्राहक ठरला.

या आज्ञावलींची वंशावळ युनिक्सहूनही जुनी आहे. जेरोम सॉल्ट्झर यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६४ मध्ये रनॉफ ही आज्ञावली लिहिली. तिच्यावरून रॉफ, तीवरून ओसाना यांची एन्‌रॉफ आणि १९७३ मध्ये छायाजुळणी यंत्रासाठी ट्रॉफ अशी ही परंपरा आहे. ट्रॉफ ज्या यंत्रासाठी लिहिली गेली, त्यात अक्षरांच्या प्रतिमा फिल्मपट्ट्यांवर असत. एका वेळी चारच पट्ट्या बसत, प्रत्येकीवर १०२ चिन्हे असत व ती १५ आकारमानांत उमटविता येत. रोमन लिपी व गणिती चिन्हे यांना एवढे पुरे होते. (देवनागरीच्या हातजुळणीला कित्येक शे खिळे लागत हे ध्यानात घेतल्यास या व्यवस्थेची मर्यादा कळून येईल.) ब्रायन कर्निगन (१९४२– ) व लोरिंडा चेरी (१९४४–२०२२) यांची ईक्यूएन ही गणिती जुळणीची आज्ञावली आणि मायकेल लेस्क यांची कोष्टके रचणारी टीबीएल या ट्रॉफच्या आधी चालविल्या जात व त्यांचे फलित नळीतून जावे तसे ट्रॉफकडे जाई. ईक्यूएनमध्ये सूत्र मोठ्याने वाचून दाखवावे तसेच टंकित करावयाचे असते; उदा., ‘एक्स सब आय ओव्हर टू’. त्यामुळे गणित न जाणणाऱ्या टंकलेखकालाही ते काम थोड्या सरावाने जमे. कर्निगन व रिची यांचा सी भाषेवरील १९७८ मधील सुप्रसिद्ध ग्रंथ लेखकांनी स्वतः याच साधनांनी जुळविला होता. ओसाना यांच्या निधनानंतर कर्निगन यांनी १९७९ पासून ट्रॉफची पुनर्रचना करून ती एकाच यंत्राच्या बंधनातून सोडविली.

या काळापर्यंत सर्व आज्ञावली एकत्रच दिल्या जात. १९५६ च्या न्यायालयीन संमति-हुकुमाने एटी अँड टी या मालक कंपनीला दूरध्वनी व तत्सम दळणवळणाबाहेरच्या व्यवसायास मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स नाममात्र मूल्यात, परंतु कोणत्याही साहाय्याच्या हमीविना मिळे. १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ट्रॉफ, भाषांतरक व खेळही होते. १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन होऊन हे बंधन सुटले आणि युनिक्स हा उघड विक्रीचा माल झाला. विक्रीसाठी तो निरनिराळ्या संचांत वाटला गेला. सिस्टिम फाइव्ह या व्यापारी आवृत्तीच्या काळात ट्रॉफ, ईक्यूएन, टीबीएल व आकृत्या काढणारी पिक यांचा ‘डॉक्युमेंटर्स वर्कबेंच’ हा स्वतंत्र संच करण्यात आला. ‘रायटर्स वर्कबेंच’ हा दुसरा संच लेखनाच्या परीक्षणाचा होता. त्यातील स्टाइल व डिक्शन या चेरी यांच्या आज्ञावली वाक्यांची लांबी, कर्मणी प्रयोगाचे प्रमाण व शब्दबंबाळ वाक्प्रचार दाखवून देत. कोलोराडो स्टेट विद्यापीठात निबंधलेखनाच्या अध्यापनासाठी त्याचा उपयोग झाला. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये जाहीर केलेली झेनिक्स ही लहान संगणकांवरील प्रणालीही पुढे मूळ प्रणाली, आज्ञावली-विकसन व मजकूर-संस्करण अशा तीन संचांत विकली जाई. विकसन-संच न घेणाऱ्याजवळ सी भाषेत लिहिलेली प्रणाली असे, पण सी भाषेचा भाषांतरक नसे.

या विभागणीमागे व्यवहार अगदीच नव्हता असे नाही. दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्याला ट्रॉफचे प्रयोजन नव्हते आणि त्या काळी तबकडीवरील जागाही महाग होती. परंतु तिचा एक परिणाम विलक्षण झाला. युनिक्सची माहितीपुस्तिका १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून संगणकावरच रचली जात असे व वापरणाऱ्याने ‘मॅन’ ही आज्ञा देताच हवे ते पान तत्काळ जुळवून पडद्यावर येई. मजकूर-संच वेगळा होताच हे काम करणारी एन्‌रॉफ मूळ प्रणालीतून गेली. अनेक विक्रेत्यांनी मग आधीच जुळविलेली पाने पुरविण्यास सुरुवात केली. ही पाने वाचता येत. पण त्यांत दुरुस्ती करणे वा स्वतःच्या आज्ञावलीचे पान त्याच रीतीने घालणे ग्राहकाला अशक्य झाले. वाचणारा व लिहिणारा हा भेद मूळ युनिक्सच्या घडणीत नव्हता. तो विक्रीच्या रचनेने उत्पन्न केला. प्रस्तुत लेखकाच्या मते ऐच्छिक संचांमुळे झालेली खरी हानी हीच होय. जादा मूल्याचा भार त्यामानाने गौण होता.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न कंपनीबाहेरून झाले. कॅनडातील हेन्री स्पेन्सर यांनी केवळ ऑक या भाषेत एन्‌रॉफची मर्यादित प्रतिकृती लिहिली. ती संथ होती, तरी माहितीपुस्तिकेची पाने जुळविण्यास पुरेशी होती. १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांनी ग्नू प्रकल्पासाठी ग्रॉफ हा संपूर्ण पर्याय मुक्त परवान्याने उपलब्ध केला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नंतरच्या वितरणांनी व पुढे लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी त्याचा स्वीकार केला. भाषांतरकाच्या बाबतीत हाच क्रम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या सोलॅरिस-२ (१९९२) प्रणालीत दिसून आला. तेथे भाषांतरकाला हाक दिली असता भाषेचा ऐच्छिक संच बसविलेला नाही, एवढाच संदेश उमटे. परिणामी ग्नू प्रकल्पाच्या मुक्त भाषांतरकाचा प्रसार वाढला. मूळ ट्रॉफचे प्राचीन पाठ २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्स आवृत्त्यांबरोबर खुले केले. दरम्यान माहितीपुस्तिकेच्या पानांपुरती मॅनडॉक ही लहान आज्ञावली तयार झाली होती. २०१० मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीने तिचा अंगीकार करून ग्रॉफला मूळ वितरणातून काढले व ऐच्छिक पुरवणी-संचांत ठेवले. मात्र तेथे त्यासाठी मूल्य द्यावे लागत नाही.