किडनीला रक्त पुरवणारी धमनी एकच असते का?

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक किडनीला एकच धमनी दिसते. प्रत्यक्षात साधारण ४ पैकी १ व्यक्तीच्या किमान एका किडनीला दोन किंवा त्याहून जास्त धमन्या असतात. हा आजार नाही.

असं का होतं?
बाळ पोटात असताना त्याची किडनी खाली ओटीपोटात तयार होते आणि हळूहळू वर सरकते. वाटेत नव्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, जुन्या नाहीशा होतात. एखादी जुनी टिकली, की ती जादा धमनी ठरते.

धोका कधी?
जादा असली तरी ही धमनी बिनकामाची नसते. किडनीच्या प्रत्येक भागाला ठरलेल्या धमनीतूनच रक्त मिळतं. ती कापली गेली तर तेवढा भाग मरतो. खालच्या टोकाची धमनी अनेकदा मूत्रवाहिनीलाही रक्त देते. प्रत्यारोपणात तिला इजा झाली, तर पुढे लघवी गळू शकते.

म्हणून किडनीदात्याची आधी सीटी अँजिओग्राफी करतात. रिपोर्टमध्ये 'ॲक्सेसरी रीनल आर्टरी' असं लिहिलेलं दिसलं, तर घाबरू नका. त्यामुळे दान थांबतंच असं नाही. कोणती किडनी काढायची आणि धमन्या कशा जोडायच्या, हे सर्जनना आधीच ठरवता येतं.