ध्वनिक्षेपक निकामी होणे

जाहीर वादनात आवाज क्षमतेबाहेर वाढवल्याने स्पीकरमध्ये होणारा कायमचा बिघाड. स्पीकरला मिळणाऱ्या विद्युत ऊर्जेचा जेमतेम काही टक्के भाग ध्वनीत उतरतो, उरलेल्याची उष्णता होते. ती स्पीकरमधील तारेच्या कॉइलला झेपली नाही की तारेवरचे वेष्टन करपते, डिंक सुटतो, जळका वास येतो आणि स्पीकर मुका होतो. खर्जाच्या दणक्याने मर्यादेबाहेर हललेला कागदी शंकू फाटतो, तो प्रकार वेगळा. कमी वॅटचा अँप्लिफायर सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. तो ताणून वाजवला की लहरींची टोके छाटली जातात, वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि पहिला बळी जातो उंच स्वर वाजवणाऱ्या नाजूक ट्वीटरचा.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक चमूचे. ९ फेब्रुवारी १९७३ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात, बरीच मेहनत घेऊन जुळवलेल्या त्यांच्या नव्या यंत्रणेचे ट्वीटर पहिल्याच गाण्याला उडाले. चमूचे ध्वनितंत्रज्ञ औस्ली स्टॅन्ली व सहकारी खचले नाहीत. १९७४ मध्ये त्यांनी सुमारे ६०० स्पीकरांची ‘वॉल ऑफ साउंड’ उभी केली. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर दिल्याने एकाच शंकूवर सगळ्यांचा भार पडेना. उपाय उत्तम, पण अवाढव्य. त्याच वर्षअखेर तो गुंडाळावा लागला.

फाटक्या स्पीकरचे चाहतेही आहेत. ‘किंक्स’ या रॉक चमूचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने १९६४ मध्ये खरखरीत आवाजासाठी आपल्या स्पीकरचा शंकू पात्याने मुद्दाम चिरला होता.