मराठी रंगभूमीवर बाई कशी आली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती आणि विणकामाचे नमुने दरवर्षी असतातच. यंदा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “तुम्हाला नाटकांची आवड आहे, तर त्यावर लिहा काहीतरी.” माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण सासरी नाटकांची पुस्तके पुष्कळ, आणि आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकलेलेही पुष्कळ. तेव्हा भगिनींनो, नाटकात बाईच्या भूमिकेत खरोखरीची बाई कशी उभी राहिली, ती हकीकत सांगते.

1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यातली सीता पुरुषच होती. पुढे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ आणले आणि संगीत नाटकाला बहर आला. पण शकुंतला काय, सुभद्रा काय, सगळ्या पुरुषच. भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेवर लोक लुब्ध असत. 1899 साली देवलांचे ‘शारदा’ आले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीचे दुःख त्यात मांडले आहे. ते दुःख बोलून दाखवायलाही मुलगाच! पोरींचे हाल रंगभूमीवर आले, पोरी मात्र आल्या नाहीत.

बालगंधर्वांचे नाव न घेता पुढे जाणे शक्यच नाही. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. ‘बालगंधर्व’ हे लोकमान्यांनी दिलेले. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘स्वयंवर’ मधली रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ मधली सिंधू या त्यांच्या भूमिका आठवून जुनी माणसे डोळे पुसत. भरजरी शालू नेसणारी रुक्मिणी तेच, आणि फाटक्या लुगड्यात जात्याशी बसलेली सिंधूही तेच. नऊवारीचा घोळ, अंबाड्यावरचा गजरा, नाकातली नथ हे सगळे त्यांचे पाहून घरोघरच्या बायकांनी उचलले. घरंदाज बाईने कसे चालावे, कसे बसावे, हे एका पुरुषाने दाखवावे आणि बायकांनी ते शिकावे, ही गंमतच नव्हे काय? त्यांच्या गुणाला माझा नमस्कारच आहे. पण तीच घरंदाज बाई स्वतः रंगभूमीवर गेली असती, तर तिला घराचा दरवाजा बंद झाला असता, हेही तितकेच खरे.

1911 च्या 12 मार्चला ‘मानापमान’ चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट नेहमी त्यांच्या निष्ठेची म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती ऐकताना दर वेळी घरी मागे राहिलेल्या त्या बाळाच्या आईचीच आठवण येते.

त्या काळी नुसत्या बायकांच्याही नाटक मंडळ्या होत्या. त्यांत अर्जुनही बाई आणि कृष्णही बाई. आपल्या हळदीकुंकवाच्या नाटुकल्यात काजळाची मिशी काढून नवरा होतात ना, तसेच! पण तिथल्या बहुतेक बायका कलावंतिणींच्या घरच्या. त्यांच्या गाण्याला लोक माना डोलावत आणि बाहेर आल्यावर नाके मुरडत. सावंतवाडीकडच्या हिराबाई पेडणेकर अशाच घरातल्या. त्यांनी तर नाटकेच लिहिली. त्यांचे ‘दामिनी’ 1912 साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने केले. एका बाईचे नाटक एवढ्या नामांकित मंडळीने करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुर्गाबाई कामतांकडे वळते. 1903 च्या सुमारास त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. पदरात लहानगी मुलगी. अशा बाईपुढे त्या काळी वाटा किती असणार? परक्याच्या घरची धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी नाटक कंपनी धरली. ज्ञातीने वाळीत टाकले. मुलीचे, कमळाबाईंचे, बालपण कंपनीच्या बिऱ्हाडातच गेले.

पुढे 1913 साल उजाडले. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ साठी तारामती मिळेना. नाटकाचीच गोष्ट सिनेमाला झाली. अखेर अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. पण त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ काढताना दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या आसपासच्या कमळाबाई मोहिनी झाल्या. हिंदी पडद्यावर पहिल्याने बाई दिसली ती ही मायलेकींची जोडी. कमळाबाई पुढे गोखल्यांच्या घरी पडल्या. पती रघुनाथराव स्त्रीभूमिका करणारे! तरुणपणीच वैधव्य आले, पदरात मुले. पण त्या रडत बसल्या नाहीत, पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि मुले वाढवली. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. कमळाबाईंना उदंड आयुष्य लाभले. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांना कोणकोणत्या नावांनी हाका मारल्या गेल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

हिराबाई बडोदेकरांचे गाणे आपण रेडिओवर ऐकले आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही कन्या. आई ताराबाई 1922 साली पाच मुले घेऊन वेगळ्या राहू लागल्या. पुढे या भावंडांनी स्वतःची नाटक कंपनी काढली. तिच्यात पुरुषांच्या भूमिका पुरुषांनी आणि बायकांच्या बायकांनी करायच्या, असा सरळ हिशेब. कंपनीला कर्ज झाले, ती फार टिकली नाही. हिराबाईंनी गाण्याच्या बैठका करून घर सावरले. तिकीट लावून, अंगभर पदर घेऊन, नखरा न करता त्या बसत. त्यामुळे मध्यमवर्गातल्या आयाबहिणी समोर येऊन बसू लागल्या.

1933 च्या 1 जुलैला नाट्यमन्वंतर मंडळींनी मुंबईस ‘आंधळ्यांची शाळा’ केले. श्री. वि. वर्तकांनी ते परदेशी नाटकावरून घेतले होते. प्रश्न साधाच, पण झोंबणारा. मुलीकडून जे शील मागता, तेच मुलाकडून का मागत नाही? हा प्रश्न पुरुषाने लुगडे नेसून विचारला असता, तर त्यातला कस निघूनच गेला असता. तो विचारला ज्योत्स्ना भोळे यांनी. वय एकोणीस, आदल्याच वर्षी लग्न झालेले. यजमान केशवराव भोळे यांचेच संगीत. गोव्यातल्या गात्या घराण्यातली ही मुलगी. सुनेला नाटकात काम करू देणारे सासर तेव्हा विरळच, आणि इथे तर नवराच पेटीशी बसून चाली शिकवणारा.

नंतर 1942 साली मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ आले. त्यातली ज्योत्स्नाबाईंची भानुमती सिनेमात काम करून घर चालवते. नवऱ्याला ते सलते, आणि शेवटी ती घराबाहेर पडते. मास्तर कृष्णरावांची गाणी घरोघर गेली. आमच्या आजेसासूबाईंनी ते नाटक पाहिले होते. तिकिटे आजेसासऱ्यांनीच आणली होती. परत येताना ते म्हणाले, “त्या बाईने जरा सबुरीने घ्यायला हवे होते.” आजेसासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात डाळीच्या डब्यातले साठवलेले पैसे काढून, शेजारच्या दोघींना बरोबर घेऊन, त्या तेच नाटक पुन्हा पाहून आल्या.